बाजार ते बाजार

खेड्यातल्या घरात रात्रीचं जेवण त्या एका रात्रीचं नसतं. बुधवारी ताटात पडणारी मटकीची उसळ सोमवारी रात्री भिजत घातलेली असते, मंगळवारी सकाळी फडक्यात बांधून मोड यायला ठेवलेली असते. ती बुधवारीच का, तर रविवारच्या बाजारातली पालेभाजी मंगळवारच्या पुढे टिकत नाही म्हणून. मंगळवेढा तालुक्यातल्या माझ्या माहेरी बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. संध्याकाळी सात वाजता ‘आज काय करायचं’ असा प्रश्न पडून तिथे भागत नाही. तिथला स्वयंपाक म्हणजे एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत चाललेला सलग विचार, आणि तो माझी वहिनी करते. भाकरी थापणं आपल्याला दिसतं. त्यामागचं हे डोकं आपल्या हिशेबात कुठेच येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

ज्वारीच्या काढणीला मी माहेरी जाते. घरातली माणसं, काढणीच्या बायका, त्यांची एखाददुसरी पोरं असं रात्रीचं पान वाढलेलं असतं. बाजारातून पिशवी आली की वहिनी ती जमिनीवर ओतते आणि निवडता निवडता मनात आठवडा लावून टाकते. मेथी, चाकवत, कोथिंबीर आधी संपवायची. मग वांगी. मग गवार, दोडका. भोपळा थांबतो, कांदा-बटाटा थांबतो, डाळी तर थांबायलाच आहेत. घरात फ्रिज आहे, पण वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे त्यात दूध आणि पाणी एवढंच ठेवलं जातं. गुरुवारनंतर टोपली रिकामी होत जाते आणि खरं कसब तिथून पुढे लागतं. डाळकांदा, हुलग्याचे शेंगोळे, पाटवड्यांचा रस्सा, पिठलं, शेंगांची चटणी. ज्यांना आपण ‘अस्सल गावरान’ म्हणून डोक्यावर घेतो, ते बहुतेक पदार्थ आठवड्याच्या या रित्या टोकाला जन्मले असावेत, असं मला वाटतं.

पिठाचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्यात उकड काढून, तळहाताच्या टाचेनं रगडून त्या पिठाला एकजीव करावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर टाकताना हातातच मोडते. म्हणून दळण पुरेल इतकंच न्यायचं, आणि तेही बाजाराच्या दिवशी, वाटेवरच्या गिरणीत. शनिवारी रात्री वहिनीला मी परातीपाशी बसलेली पाहिलं आहे. बोटांनी पीठ नुसतं चाळवून ती सांगते, आज पाणी जरा जास्त कढू द्यायचं. मग काटवटीत गोळा पडतो, एका हाताचा आधार आणि दुसऱ्या हाताची थाप, आणि सहा दिवसांचं पीठ निमूट गोल होतं. चुलीत तुराट्या असतात. गॅस आहे, पण पंधरा-वीस माणसांच्या भाकरी त्यावर केल्या तर सिलिंडर महिनाभर पुरत नाही. हाही हिशेब तिच्याच डोक्यात.

मध्येच एकादशी येते. पंढरपूर जवळ, घरात माळकरी माणसं. त्या रात्री आईला भगर आणि दाण्याची आमटी, काढणीच्या बायकांना भाकरी-कालवण, पोरांना दोन्ही. एकाच चुलीवर दोन स्वयंपाक, आणि उपासाच्या भांड्याला खरकटा हात लागू द्यायचा नाही. अचानक पाहुणा आला तर येसूर असतोच. धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ कढत्या पाण्यात पडलं, वर काळं तिखट आणि फोडणी आली, की चार माणसांची आमटी आठ माणसांना जाते. पण तो येसूर वहिनीनं कधीतरी मोकळ्या दुपारी करून बरणीत भरून ठेवलेला असतो, पाहुणा ठरायच्या कितीतरी आधी.

मंगळवेढा हे ज्वारीचं कोठार. इथल्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं मालदांडीचं ‘एम ३५-१’ हे वाण पिढ्यान् पिढ्या या काळ्या रानात तग धरून आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातल्या ताटात भाकरीला मान आला. हायवेवरच्या हॉटेलांवर ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या लागल्या. याचा मला आनंदच आहे. फक्त एवढं लक्षात येतं की पाटीखालची भाकरी थापणाऱ्या बाईला मजुरी मिळते आणि तिच्या हाताला कसब म्हटलं जातं. तेच हात घरी असले की तो रोजचा रिवाज ठरतो.

याच मंगळवेढ्याला दामाजीपंतांची आठवण आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांसाठी खुलं केलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती थोरच आहे. पण घरी आलेलं पायलीभर धान्य पुढचे किती दिवस पुरवायचं, पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला किती, दळताना कोंडा ठेवायचा की काढायचा, हे ज्या बायकांनी ठरवलं असेल त्यांची कथा कुणी रचली नाही. आई १९७२चा दुष्काळ सांगते. रेशनवर मिलो आला, परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी काही केल्या थापली जाईना. मग आजीनं त्याच्या कण्या करून शिजवल्या, अंबाडी घालून. आई हे सांगताना दुष्काळाबद्दल थोडं बोलते, कण्यांबद्दल फार.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. हे आकडे बोलके आहेत, तरी अपुरे आहेत. सोमवारी मटकी भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. ती घालायची आठवण दिवसभर शेतात ज्वारी उपटताना डोक्यात वागवावी लागते, तिची मिनिटं कोण मोजणार?

आणि एवढं सगळं जमवणारी बाई जेवते शेवटी. आधी बाप्ये आणि पोरं, मग कामाच्या बायका, मग आई आणि वहिनी. तोवर टोपात रस्सा उरतो, वांगं उरत नाही. मी माहेरवाशीण म्हणून मला पहिल्या पंगतीला बसवतात. एका रात्री मी हट्टानं मागे थांबले, तेव्हा वहिनीनं तिच्या वाटचं एकुलतं वांगंही माझ्याच ताटात सरकवलं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त रक्तक्षयाच्या आहेत, असं २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलं. त्याची कारणं अनेक आहेत हे मला कळतं. त्यातलं एक कारण मी चुलीपाशी बसून पाहिलेलं आहे, आणि त्याला परंपरा म्हणून गोंजारायची माझी तयारी नाही.

यंदा काढणीची घाई होती, म्हणून बाजाराला भाऊ गेला. तो मायाळू माणूस आहे. नजरेला जे ताजं दिसलं ते त्यानं हौसेनं आणलं. फ्लॉवरचे मोठाले गड्डे, मेथीच्या जुड्या, पालक, टोमॅटो. गवार नाही, भोपळा नाही. बुधवारी टोपली संपली. वहिनीनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. गुरुवारी डाळकांदा झाला, शुक्रवारी येसूर निघाला, शनिवारी पिठलं आणि ठेचा. पंगतीत कुणालाही काही कमी पडल्याचं जाणवलं नाही. मी भावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, जेवण तर रोज झकासच झालं की!” खरंच होतं ते. काम इतकं बेमालूम झालं होतं की त्यात काही काम होतं हेच त्याला दिसलं नव्हतं.

माझ्या भाच्याला ज्वारीचा भाव कळतो, ट्रॅक्टरचं डिझेल एकराला किती जातं ते कळतं. घरात दळण किती दिवसांचं उरलंय, ते त्याला सांगता येत नाही. ते त्याला यायला हवं. भाकरी थापायला शिकणं त्याच्या मागून आलं तरी चालेल. मी तावातावानं वहिनीला म्हटलं, की पुढच्या रविवारी भावाला यादी लिहूनच देते, काय आणायचं ते. ती कडबा बांधत होती. “नका लिहून देऊ, वन्सं,” ती म्हणाली. “तुमच्या यादीनं एक आठवडा भागंल. त्यास्नी म्हणावं, पिशवी उचलायच्या आधी घरात काय हाय ते एकदा चुलीपाशी येऊन बघा.”