मांडवांचा सण आणि उसाचा पडाव

लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात मांडवांच्या सणाचा नियम आहे. पीक घरात आले की इस्राएलाच्या प्रत्येक कुटुंबाने आपले पक्के घर सोडून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहावे. मिसर देशातून निघाल्यावर आपले पूर्वज असेच राहिले, हे पुढच्या पिढ्यांनी विसरू नये म्हणून. शब्बाथशाळेत हा धडा शिकवताना मुले हौसेने फांद्या आणतात, मांडव सजवतात. एक गोष्ट मात्र सहसा सांगायची राहते. हा नियम एखाद्या दयाळू मनुष्यासाठी नव्हता, साऱ्या राष्ट्रासाठी होता. धनवानाला त्यातून सूट नव्हती.

आमच्या चलथाणला नेमके उलटे दिसते. येथे सहकारी साखर कारखाना आहे. पावसाळा संपला की डांग, तापी, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोड कुटुंबे मुकादमामागे दक्षिण गुजरातेत उतरतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणती अवजाराच्या नावाने होते. शेताच्या किंवा रस्त्याच्या कडेला बांबू आणि प्लास्टिकच्या झोपड्यांचा त्यांचा पडाव पडतो, तो सात दिवस नव्हे, पाच-सहा महिने. पीक ज्यांच्या घरी आले ते पक्क्या घरात, आणि ज्यांनी कापले ते मांडवात!

ज्यांना पडावही नाही त्यांचे काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले. १८ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री कोसंब्याजवळ किम-मांडवी रस्त्यावर एक ट्रक उसाच्या ट्रॅक्टरला धडकला आणि कडेला झोपलेल्या मजुरांवर गेला. पंधरा जण मेले. बहुतेक राजस्थानातील बांसवाड्याचे होते. वारसांना दोन-दोन लाख रुपये जाहीर झाले, चालकाला दोष दिला गेला, आणि विषय मिटला. परंतु ते तेथे का झोपले होते, हा प्रश्न चालकाला विचारून कसे चालेल?

राज्यकर्त्यांना हे दिसत नाही असे नव्हे. मजुराचे नाव मतदारयादीत त्याच्या गावी असते आणि अंथरूण आमच्या गावी. येथला पुढारी त्याच्यामुळे पडत नाही. तिकडचा म्हणतो, तो तर परमुलखात आहे. परप्रांतीय मजुरांना ठेकेदाराने राहण्याची सोय द्यावी, असे १९७९ च्या कायद्यात लिहिले होते. २०१५ साली सर्वांना २०२२ पर्यंत घर, अशी घोषणा झाली. परंतु त्या योजनांचा भर मालकीच्या घरावर राहिला. सहा महिन्यांसाठी आलेल्याला मालकी काय कामाची? त्याला स्वस्त भाड्याची खोली हवी, जवळ नळ आणि शौचालय हवे. २०२० च्या टाळेबंदीत लाखो लोक पायी गावी निघाले, तेव्हा कोठे केंद्राने भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. त्यांचे चालणे दिसले. इतकी वर्षे त्यांचे उघड्यावर झोपणे दिसले नव्हते.

काही बंधू म्हणतील, हे राजकारण झाले, मंडळीने नाताळात कांबळी वाटावीत. कांबळी अवश्य वाटावीत. परंतु अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, अशी आज्ञा आहे. कोणी पडल्यावर मलमपट्टी करा, एवढ्यावर देव थांबला नाही. बांधकामाचा नियम घालून त्याने घरमालकाला आधीच जबाबदार धरले.

आपणही बहुतेक खानदेशातून पोटासाठीच आलो. आपल्या वडीलधाऱ्यांनी एका खोलीत पाळीपाळीने झोपून गिरणीचे दिवस काढले. आज आपल्यापैकी काहींनी मागच्या अंगाला दोन-तीन खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. भाडे डोईमागे घेतात, आणि ‘कोयत्याला खोली नाही’ हेही ठरलेले असते. ग्रामपंचायतीकडे आणि कारखान्याकडे पडावासाठी पाणी व शौचालये मागायला मंडळीने जावे, असे आम्हांला वाटते. पण तेथे जाण्याआधी या खोल्यांचा प्रश्न पंचांच्या सभेत निघाला पाहिजे.