मुद्दल आणि कुर्ली

आम्हां परभणीकरांना समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, चिखलावर टणाटण उड्या मारणारा निवटी मासा (मासा असून!) आणि बिळाशी बसलेली कुर्ली. ‘काय देखणी हो!’ सौभाग्यवती उद्गारल्या. दुपारी तिचीच कुणी बहीण ताटात आली, तेव्हाही हेच उद्गार.

आता यातलं कौतुक खरं कुठलं? मी पडलो बी.कॉम. म्हटलं, बिळातली कुर्ली हे मुद्दल. रोज नवा प्रवासी बघतो, व्याज देऊन जातो. ताटातली म्हणजे मुद्दलालाच हात! होडीवाल्या बाई हसल्या. त्यांच्या मते मुद्दल म्हणजे झाडं. पानं गळतात, कुर्ल्यांचं पोट भरतं. मुळांत माशांची पिल्लं वाढतात. झाडं राखा नि बेतानं खा. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, तो उगीच नव्हे.

हिशेब चोख जुळला. फक्त ‘तू व्याजात मोडतेस’ हे त्या एका कुर्लीला कुणी विचारलं नव्हतं. तेवढी शंका मी सौभाग्यवतींपुढे मांडली. त्यांनी नांगीतलं मांस काढून माझ्या भातावर ठेवलं.