तपशिलाचा रकाना

सकाळचा चहा झाला की मी वही काढतो. गावातल्या पतसंस्थेत चौतीस वर्षं हिशेबनीस होतो. निवृत्त झालो तरी रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. आता या वहीत एकच खातेदार आहे. तो आतल्या खोलीत झोपलेला असतो. वय 39. रात्रीच्या गोळ्यांमुळे त्याचं फटफटतं साडेनऊला.

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान त्याच्या बँक खात्यात येतं. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 साली ही योजना सुरू झाली. मी नोकरीला लागलो त्याच सुमारास. तेव्हा 'निराधार' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे कुणी दुसरीच माणसं यायची. 2023 पर्यंत महिना हजार रुपये होते, मग दीड हजार झाले, आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करायचं ठरलं. त्याला घराचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. माझं भविष्य निर्वाह निधीचं पेन्शन इतकं तुटपुंजं आहे, की त्या दाखल्याला कधी अडचण आली नाही. गरिबीचा असाही उपयोग होतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा दिवस मात्र मला अजून आठवतो. मनाच्या आजाराचं अपंगत्व मोजायची एक पट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार गोष्टींना शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा, त्याचे आणखी चारपर्यंत. एकूण वीस. बेरीज सातवर पोचली की चाळीस टक्के, आणि चाळीसच्या खाली प्रमाणपत्र असून नसल्यासारखं. म्हणजे जितके गुण जास्त तितका मुलगा नापास, आणि आम्ही आईबाप बाहेर बाकावर बसून त्याला भरपूर गुण पडोत म्हणून वाट बघतोय.

तर त्या दिवशी आमच्या चिरंजिवांनी सकाळी आपण होऊन दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांना वार सांगितला, तारीख सांगितली, नमस्कार केला. अशी एक सकाळ दिसावी म्हणून जिने वर्षानुवर्षं उपास धरले, ती त्याची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजच कसा हा इतका शहाण्यासारखा बोलतोय?" आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली. डॉक्टर जाणते होते. त्यांनी एका दिवसाचं नाही, वर्षाचं विचारलं. मग तिनं सगळं सांगितलं. शेजाऱ्यांपासून, व्याह्यांपासून, सख्ख्या बहिणीपासून सतरा वर्षं लपवलेलं सगळं, परक्या माणसापुढे, गुण मिळावेत म्हणून. आकडा चाळीसच्या वर आला. पुढे पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. त्या कार्डाला स्वावलंबन कार्ड म्हणतात. ते माझ्या पाकिटात असतं.

त्याच्या पैशाला मी मनात 'अनामत' म्हणतो. पतसंस्थेत हा शब्द आम्ही फार जपून वापरायचो. अनामत म्हणजे तिजोरीत आहे, पण आपलं नाही. घरात मात्र ही रेघ राखणं जड जातं. औषधं सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात, पण एक गोळी तिथं बरेचदा नसते. ती बाहेरून घेतली की त्याच्या नावे टाकतो. एस.टी.चं सवलतीचं तिकीट, त्याच्या नावे. चप्पल, त्याच्या नावे. आणि जेवण? एकदा मी तांदळाचा भाग काढायला बसलो, तर ही म्हणाली, "पोराला जेवणाचं बिल लावणार का आता?" तो हिशेब तिथंच मिटला. दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला गॅस सिलिंडरसाठी त्याच्यातले सहाशे घेतले. 'उसने' लिहिलं, आठ तारखेला परत जमा दाखवले. कुणी विचारणार नव्हतं. या वहीला लेखापरीक्षक नाही, आणि ते बरं नाही असं मला हिशेबनीस म्हणून वाटत राहतं.

खातं त्याचं, म्हणून सहीही त्याचीच लागते. काही महिने गोळ्यांमुळे हात कापतो आणि सही मोडते. एकदा खिडकीतल्या मुलीनं नमुना सही काढली, स्लिपशेजारी धरली आणि स्लिप परत सरकवली. तिचं काही चुकलं नाही. मी आयुष्यभर तेच केलं. दुसऱ्यांदा केली, तीही जुळली नाही. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, मी मीच आहे ना?" त्याच्या आजारात हा प्रश्न विनोदाचा नसतो. मी त्याचा अंगठा शाईत धरला. तेव्हापासून सही जुळत नाही म्हणून मी परत पाठवलेले कितीतरी लोक मला रात्री आठवतात.

पण खरी खटपट सहीची नाही, "कशाला" या शब्दाची आहे.

"अण्णा, दोनशे द्या."

"कशाला?"

"हवेत."

मला ठाऊक असतं, सिगारेटला. कधी टपरीवरच्या चहाला, तिथं बसणाऱ्या दोघांनाही पाजायला. मी शंभर देतो, किंवा उद्या बघू म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एकदा तो ओरडला नाही, आदळआपट केली नाही, फक्त म्हणाला, "पैसे माझे आहेत ना?"

चौतीस वर्षांत मी खिडकीवर कुणाला 'कशाला' विचारलेलं नाही. स्लिप बरोबर, सही बरोबर, शिल्लक पुरेशी, की नोटा द्यायच्या आणि 'मोजून घ्या' म्हणायचं. एक गृहस्थ दर शनिवारी पैसे काढून मटक्यावर लावायचे. सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांना 'साहेब' म्हणून दिले. पोटच्या पोराला मात्र त्याचेच दोनशे द्यायला मला कारण लागतं.

कारण आहेही. तीन वर्षांपूर्वी गोळ्या जिभेखाली धरून थुंकून टाकत होता, आम्हाला पत्ता नव्हता. खात्यातले सगळे काढून स्टँडवरच्या एका अनोळखी माणसाच्या हातात ठेवून आला. तसं त्याला सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तेव्हापासून पासबुक माझ्या कपाटात आहे. म्हणून 'त्याचे पैसे, तो बघेल' असं जे कुणी सहज म्हणतं, त्याला मी एक महिना आमच्याकडे राहायला बोलावीन.

कायद्यात काय आहे ते बघायला मी बरेच जिने चढलो. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा दाखला मिळतो असं कळलं, म्हणून गेलो. तो 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. मनाचा आजार नाही. त्याचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत आहे. चारांत बसला नाही, एकविसांत बसला. त्या कायद्यात चौदावं कलम आहे, मर्यादित पालकत्वाचं. त्याचा मथितार्थ असा, की पालकानं एकट्यानं ठरवायचं नाही, दोघांनी मिळून ठरवायचं. ठरावीक काळापुरतं, ठरावीक निर्णयापुरतं, आणि त्याच्या इच्छेला धरून.

वाचलं तेव्हा हसू आलं. कायदा करणाऱ्यांनी याला रात्री दोन वाजता पाहिलेलं नाही, असं वाटलं. मग हळूहळू एक गोष्ट आठवत गेली. मी जन्मभर 'व्यवस्थापकांकरिता' अशी सही करत आलो. व्यवस्थापक रजेवर असोत, आजारी असोत, त्यांना विचारल्याशिवाय ते 'करिता' कधी लिहिलं नाही. लेकाच्या बाबतीत सोळा वर्षं लिहितोय, आणि विचारलं किती वेळा?

शहरात आमच्यासारख्यांचा एक गट भरतो. तिथं रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि आम्ही शुभंकर. पहिल्यांदा मला ते जरा गोडगोड वाटलं होतं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, त्या आपल्या मुलीला दर सोमवारी तीनशे देतात आणि काहीही विचारत नाहीत. बुधवारी संपतात. गुरुवारपासून मुलगी स्वतःच हात आखडते. "बाकीचे माझ्याकडे आहेत, तेही ती विचारेल तेव्हा दाखवते," म्हणाल्या. वही दाखवायची हे मला सुचलंच नव्हतं. माझ्यानंतर नाशिकच्या लेकीला कळावं म्हणून मी ती सुवाच्य अक्षरात लिहितो. पण जिचा खातेदार भिंतीपलीकडे झोपतो, ती त्यानं एकदाही पाहिलेली नव्हती.

परवा दाखवली. त्यानं बराच वेळ पानं उलटली. सिलिंडरच्या उसनवारीवर बोट ठेवून म्हणाला, "हे परत दिले?" पुढच्या पानावरची जमा दाखवली. त्यानं मान हलवली, आणि लेखापरीक्षकासमोर वाटायची तशी धाकधूक मला बऱ्याच वर्षांनी वाटली.

काल आम्ही बँकेत गेलो. स्लिप त्यानं भरली, सहीही त्यानं केली. जुळली. नोटा हातात आल्यावर त्यानं त्यातले दोनशे खिशात घातले आणि बाकीचे माझ्यापुढे धरले.

"मोजून घ्या, अण्णा."

मी मोजून घेतले. कशाला, ते तोंडावर आलं होतं.

आता ती नोंद करायला वही उघडली आहे. तारीख लिहिली. नावे बाजूला 200 लिहिले. तपशिलाचा रकाना कोरा ठेवला. चौतीस वर्षांच्या नोकरीत तसं कधी केलं नव्हतं. आत पलंग वाजला. आज लवकर उठला वाटतं. चहा टाकतो.