गेटबाहेरचे तास

ब्रिटनमध्ये एका मालवाहतूक कंपनीत गाड्यांचं नियोजन पाहणारा माझा भाचा मध्यंतरी फोनवर म्हणाला, “या आठवड्यात त्याचे साठ तास झाले तरी चालतं मामा, सरासरीत बसतं.” तो म्हणजे त्यांचा एक लॉरी ड्रायव्हर. भाचा मनाने चांगला आहे, कायद्याबाहेर काही करत नाही. तरी त्याचं ते ‘सरासरीत बसतं’ माझ्या डोक्यातून जाईना. पहाटे चारला डोळा लागतो तो त्या पहाटेच्या थकव्याने. पुढचा महिना हलका जाणार आहे, याचा त्या वेळी काय उपयोग?

दमलेला ड्रायव्हर आणि अपघात यांचं नातं वाचकांना नव्याने सांगायला नको. मला बोलायचं आहे ते मोजणीबद्दल. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासून नियम आहे की लॉरी ड्रायव्हरचं काम आठवड्याला सरासरी ४८ तासांच्या वर जाता कामा नये आणि कुठल्याही एका आठवड्यात ६० ओलांडता कामा नयेत. सरासरी साधारणपणे १७ आठवड्यांवर काढतात, म्हणजे एकूण ८१६ तास. कुणी तेरा आठवडे सलग साठ-साठ तास राबला तर ७८० होतात आणि उरलेल्या चार आठवड्यांना मिळून ३६ तास उरतात. हिशेब चोख बसतो. गाडी चालवण्याच्या तासांवर वेगळी मर्यादा आहे, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबणं सक्तीचं आहे, हेही खरं. शिवाय रजेच्या जोरावर सरासरी उतरवता येत नाही, कारण हक्काच्या रजेच्या आठवड्यालाही ४८ तास धरावे लागतात. ज्यांनी हे कलम घातलं त्यांना मालकही ठाऊक होते आणि कामगारही.

मग आकडा उतरतो कुठून? उतरतो तो थांबण्यातून. त्या नियमात उपलब्धतेचा काळ असा एक कप्पा आहे. गाडी गोदामाबाहेर उभी आहे, ड्रायव्हरने जागेवरच बसून राहावं अशी सक्ती नाही आणि किती वेळ थांबायचं ते त्याला आधी कळलेलं आहे, तर तो वेळ कामात धरत नाहीत. ड्रायव्हरच्या वेळेची नोंद ठेवणारं टॅकोग्राफ नावाचं यंत्र केबिनमध्ये असतं, त्यावर त्यासाठी तिरकी रेघ मारलेला चौकोन असतो आणि कामासाठी एकमेकांवर आडवे दोन हातोडे. बटण चौकोनावर ठेवलं की हातोड्यांतले तास कमी होतात. किती थांबायचं हे आधी कळायला हवं, ही अट मात्र घाईत सोयीस्करपणे विसरली जाऊ शकते.

काम आणि आराम हा भेद मला इथे अपुरा वाटतो. आपल्या ताब्यातला वेळ कुठला आणि दुसऱ्याच्या ताब्यातला कुठला, हे आधी विचारायला हवं. आपल्याकडच्या बंदराबाहेरची किंवा कारखान्याच्या गेटवरची रांग पाहा. वीस-पंचवीस मिनिटांनी रांग दोन गाड्यांपुरती सरकते. ड्रायव्हरने डोळा मिटला की मागून हॉर्न सुरू होतो आणि तो हलला नाही तर नंबर जातो. गाडी सोडून जेवायला जाता येत नाही, अंघोळ तर दूरच. आत गेल्यावर काटा, गेटपास, ताडपत्री सोडणं, मग हमाल येईपर्यंत पुन्हा थांबणं. संध्याकाळी गाडी खाली होते आणि मालकाचा फोन येतो, “निघालास का?” रात्रीचा प्रवास त्यानंतर सुरू होतो.

आपल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी पूर्वमंजुरी घेऊन १० आणि ५४. सरासरीची भानगडच नव्हती, म्हणजे कागदावर तो ब्रिटनपेक्षा कडक होता. त्यातली कामाच्या तासांची व्याख्या मला फार आवडते: कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ. अगदी मला हवी तशी सुरुवात. पण पुढे तीच व्याख्या सांगते की नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तर धरायचा. त्यापुढचा? त्याच्याबद्दल ती गप्प आहे. वर हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक त्यातून आपोआप सुटले. आता तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे, पण गेटवरची रांग आहे तिथेच आहे.

थोडं विषयांतर करतो. टॅकोग्राफ आला तेव्हा ब्रिटिश ड्रायव्हरांनीच त्याला कडाडून विरोध केला होता. केबिनमधला हेर म्हणत ते त्याला. सरकारही चालढकल करत राहिलं, आणि १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला तेव्हा कुठे गाडं हललं. त्या ड्रायव्हरांची भीती मला समजते. यंत्र मालकाने बसवलेलं, तेव्हा ते मालकाचीच बाजू घेणार असं कुणालाही वाटेल. पण किती तास राबवून घेतलं याचा पुरावाही तेच यंत्र देतं. आपल्याकडच्या ट्रकमध्ये असा पुरावाच नाही. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली ते कळतं, ड्रायव्हर किती तास जागा होता ते कळत नाही.

माझ्या ओळखीचे एक ट्रान्सपोर्टर आहेत. त्यांच्यापुढे हे मांडलं तर म्हणाले, “गेटवर तो झोपतोच की. झोपेचे पैसे कोण देतो?” हे म्हणणं मला मुळीच मान्य नाही. दर वीस मिनिटांनी मोडते ती झोप नव्हे, आणि तीच झोप झाली असं धरून त्याला रात्री गाडीवर बसवणं हा सरळ धोका आहे. पण त्यांच्या दुसऱ्या वाक्यापुढे मी अडलो. “तास बांधून द्या, आणि मग त्यालाच विचारा घर कसं चालवतोस ते. त्याला पैसे खेपेवर मिळतात.” ब्रिटनमधल्या ड्रायव्हरला बहुधा तासावर पगार असतो, म्हणून चौकोनातल्या वेळेचेही पैसे त्याच्या हाती येऊ शकतात. आपल्याकडे गेटवर गेलेला दिवस ड्रायव्हरच्याच खिशातून जातो आणि तो भरून काढायला तो रात्री जागतो.

म्हणून नुसती मर्यादा आणि यंत्र मागण्यावर मी आता थांबणार नाही. सरासरीवरचा माझा रागही निवळला आहे. सगळे तास खरेच मोजले जाणार असतील तर चार आठवडे जोराचे आणि मग गणपतीला गावी पंधरा दिवस, हे कित्येक ड्रायव्हरांना हवंच असेल. मात्र आधी थांबण्याला किंमत लागली पाहिजे, आणि ती थांबवणाऱ्याने भरली पाहिजे. आज गेटवर गाडी दिवसभर उभी ठेवली तरी गोदामवाल्याला बऱ्याचदा त्याची झळ बसत नाही, मग तो रांग कमी करण्याची तसदी का घेईल? काही ठिकाणी हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचा आकार, लावतात, पण ते गाडीच्या बिलात जमा होतं. त्यातलं ड्रायव्हरच्या हाती काय पडतं ते मालकाच्या मर्जीवर.

हे वाचणाऱ्यांत कारखान्यांचे, गोदामांचे, मार्केट यार्डांचे व्यवस्थापक असतील. गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ तुमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिली जातेच. त्यात गाडी रांगेत लागल्याची वेळही लिहायला सांगा, आणि दोन तासांपुढच्या प्रत्येक तासाचे पैसे थेट ड्रायव्हरच्या खात्यात जमा करा.