इतर हक्क

ज्या जमिनीवर आपण घर करणार, ती आपली होते कशाने? खरेदीखतावर सही झाली म्हणजे? फेरफार मंजूर झाला म्हणजे? भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केलेल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असायला हवं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांच्या हद्दी मी आधी साखळीने आणि पुढे यंत्राने मोजल्या, हद्दीचे दगड पुरले, ‘क’ प्रती काढून दिल्या. तरी माझ्यापुरता हा प्रश्न कधी सुटला नाही. मुलीने मॉरिशसमध्ये घर घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा तो पुन्हा समोर उभा राहिला, आणि पोटच्या पोरीच्या घराचा मामला असल्याने त्याला बगल देणं शक्य नव्हतं.

मुलगी आणि जावई एबेनच्या सायबर सिटीत नोकरी करतात. घर त्यांना पश्चिम किनाऱ्यावर हवं आहे, फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूला. कारण ऊन. बेटावर वारा वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून येतो. तो पूर्वेच्या उतारावर आणि मधल्या पठारावर पाऊस टाकतो आणि पश्चिमेला पोचेपर्यंत कोरडा होतो. पठारावरच्या क्युरपीपला छत्री उघडून निघालेला माणूस तासाभरात पश्चिम किनाऱ्यावर येऊन टोपी शोधतो. “बाबा, इथे बारा महिने ऊन असतं,” असं ती मला सांगत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कायदा समजून घ्यायला एक दुपार पुरली. परदेशी माणसाने तिथे मालमत्ता घेण्यावर 1975 च्या कायद्याने बंधनं आहेत. मंजूर योजनांमधली घरं घेता येतात, आणि त्यांतल्या 3,75,000 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरासोबत राहण्याचा परवाना मिळतो. व्यवहार फ्रेंच दिवाणी संहितेच्या वळणाने नोटरीपुढे होतो. भरतीच्या रेषेपासून आत किमान 81.21 मीटरची पट्टी सरकारची, ती फक्त भाडेपट्ट्याने मिळते. ही आकडेवारी वाचताना एक जुना मोजणीदार म्हणून मला बरं वाटलं. समुद्राची कड कुणा एकाची होऊ द्यायची नाही, हे त्या देशाने मीटरच्या शतांशापर्यंत ठरवून ठेवलं आहे.

पण माझी अडचण कागदाच्या पुढची होती. आपल्या सातबारावर मालकाच्या नावाशेजारी ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, सामाईक विहिरीतला हिस्सा, शेजाऱ्याची वहिवाट अशा नोंदी त्यात येतात. पुष्कळ माणसं मालकाचं नाव बघतात, क्षेत्र बघतात आणि इसार देऊन मोकळी होतात. त्या रकान्यातही न मावणारे हक्क प्रत्येक जमिनीवर असतात, आणि ते जाणून घेण्याआधी जमीन घेणं हे धर्माला धरून नाही, असं माझं मत आहे. धर्म हा शब्द मी इथे पूर्ण जबाबदारीने वापरतो.

आमच्याकडे दक्षिण कोकणात घराचा पाया खणण्याआधी जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, नारळ ठेवतात. गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाण्यात भरभराट मागतातच, पण त्याआधी जागेवाल्याला आपण कोण, कुठले, इथे का आलो, हे सांगतात आणि त्याची परवानगी मागतात. मोजणीला गेल्यावर हद्दीचा दगड पुरण्याआधी शेतकरी मला थांबवत आणि दोन मिनिटं हात जोडून उभे राहत. एकदा एका तरुण सहकाऱ्याने त्यांना घाई केली, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन समज दिली होती. आमच्या देवांच्या व्यवस्थेत दोन वेगळ्या जाती आहेत. कुलदैवत कुटुंबाबरोबर फिरतं. माणूस मुंबईला गेला तर टाक कपड्यात गुंडाळून मुंबईला जातो. ग्रामदैवत, राखणदार, जागेवाला हे मात्र जमिनीचे. त्यांचं राज्य गावाच्या शिवेपर्यंत. शीव ओलांडली की आमच्या रवळनाथाचा शब्द चालत नाही, तिथे दुसऱ्याचा चालतो. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. मला यात फार मोठी नम्रता दिसते: माझा देव माझ्याबरोबर येईल, पण जिथे मी जातो तिथे आधीपासून कुणीतरी आहे.

आता मॉरिशसची गोष्ट अशी की तिथे आधीपासून कुणीच नव्हतं. डच खलाशी 1598 मध्ये उतरले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती. जंगल होतं, कासवं होती, डोडो होता. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. डच गेले, 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. आदिवासी नाहीत, मूळ गावकरी नाहीत, मग जागेवाला कोण? बेटावरचा प्रत्येक जण बाहेरून आलेला असेल, तर माझ्या मुलीने कुणाची परवानगी मागायची?

मुलीकडे गेलो तेव्हा याचं उत्तर मला उसाच्या शेतांत मिळालं. तिथल्या मळ्यांतून जाताना काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात, काही तर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. बेट ज्वालामुखीतून झालेलं, जमीन सगळी खडकाळ. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवा, आणि तो हातांनी वेचला गेला. आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या, आणि 1835 मध्ये गुलामी संपल्यावर गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या. 1834 पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तिथल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आजही जपल्या आहेत. त्या माणसांतली काही आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरामार्गे गेलेली. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. जगभर मोजणीदाराला दगडाचा ढीग बांधाची खूण म्हणून दिसतो. मला ते ढीग पाहताना हक्काची नोंद दिसली, कुठल्याही दप्तरात नसलेली.

या माणसांना जमीन ओळखायला दोन पिढ्या मिळाल्या आणि मालकी त्यानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले, तेव्हा कुणाच्या बचतीने एक एकर, कुणाच्या दोन, अशी ती विकत घेतली गेली. कुठला ओहोळ जानेवारीत फुगतो, कुठल्या मातीत ऊस पडतो, वारा कुठल्या बाजूने घर उडवतो, हे त्यांच्या पायांना आणि पाठीला आधी कळलं होतं. ते कळणं सुखाचं नव्हतं, जुलमाने लादलेलं होतं, म्हणून मी त्याचा गौरव करणार नाही. पण आज आपण क्रम उलटा केला आहे, आधी किल्ली आणि ओळख जमली तर मागाहून, हे मला डाचतं.

कॅस्कावेल परिसरात मराठी मुळाची कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांचं बोलणं आता क्रिओल आणि भोजपुरी, पण गणपतीला जाखडीचा नाच होतो आणि गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथे एक वृद्ध गृहस्थ मला उसाच्या कडेला एका झाडाखाली घेऊन गेले. चुन्याने रंगवलेला ओटा, त्यावर मांडलेले सात लहान दगड. कालीमाई. अशी स्थानं तिथे गावोगाव, मळ्यांच्या कडेने आहेत. नांगर धरण्याआधी, तोडणीला सुरुवात करण्याआधी मजूर इथे हात जोडत. आपण आणलेला कुळाचा देव घरात, आणि या जमिनीचा देव इथे झाडाखाली, अशी वाटणी त्यांच्या घरातही होती. मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही. ज्यांच्यापाशी स्वतःची शीव उरली नव्हती त्यांनी परक्या मातीतले सात दगड मांडून आधी परवानगीची जागा तयार केली, मालकी त्यांच्या नातवंडांना मिळाली.

मुलीचा यावर आक्षेप होता आणि तो कच्चा नव्हता. देव सर्वत्र आहे असं तुम्हीच शिकवलंत, मग त्याला हद्दी कशा? ईशोपनिषद सगळं जग ईश्वराने व्यापलेलं मानतं आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको असं सांगतं. मी तिला म्हटलं, तेच खरं असेल तर खरेदीखत करूनही तू मालकीण होत नाहीस, पाहुणी होतेस, आणि पाहुण्याने घरचे कोण ते आधी विचारायला हवं. सर्वव्यापी असणं ही देवाची बाजू झाली. माणसाला तो कुठेतरीच भेटतो. विठ्ठल चराचरात आहे हे वारकऱ्याला ठाऊक असतं, तरी तो पंढरीला चालत जातो.

त्या बेटावरच्या लोकांनी तेच केलं. डोंगरात एक तळं आहे, ग्रां बासँ. झुम्मन गिरी गोसाई या पुजाऱ्यांना त्याचं स्वप्न पडलं आणि 1898 मध्ये त्रिओले गावातून पहिले भाविक महाशिवरात्रीला तिथे चालत गेले. गंगेचं पाणी त्यात मिसळलं गेलं ते 1972 मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाल्यावर. मधली सत्तरहून अधिक वर्षं लोक नुसते चालत होते. आज महाशिवरात्रीला रस्ते पांढऱ्या कपड्यांनी भरतात. माझ्या समजुतीप्रमाणे गंगेच्या थेंबांनी तिथे फक्त शिक्कामोर्तब केलं. क्षेत्र पायांनी आधीच झालेलं होतं.

जावयाने वास्तूचा आराखडा मागवला होता. मी वास्तुशास्त्राची टिंगल करणाऱ्यांतला नाही, पण तो आराखडा मी मान्य केला नाही. ज्याच्या बृहत्संहितेत वास्तूचे नियम आहेत त्या वराहमिहिराची उज्जैनी कर्कवृत्ताजवळ. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर. तिथे वर्षाचा बहुतेक काळ भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. उत्तरेची भिंत तापते, दक्षिणेची सावलीत राहते, मकरसंक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. आणि ध्रुव तारा तिथून कधीच दिसत नाही, तो क्षितिजाखाली असतो. आपल्याकडे लग्नात नवऱ्याने नवरीला ध्रुव दाखवायचा असतो. तिथे सप्तर्षींतली अरुंधती उत्तरेला खाली डोकावते, ध्रुव नाही. ज्याला आपण जगातली अढळ वस्तू मानतो ती त्या आकाशात नाहीच, हे मला तिथल्या एका रात्री गच्चीवर उभं असताना फार खोलवर लागलं. तरीही बृहत्संहितेतली एक गोष्ट तिथे जशीच्या तशी घेऊन जाण्यासारखी आहे. झाड तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्या भूतांना बळी देऊन त्यांची क्षमा मागावी आणि दुसरीकडे राहायला जाण्याची विनंती करावी, असं त्या ग्रंथात आहे. दिशांचे नियम त्या आकाशाखाली नव्याने तपासावे लागतील, ही विनंती कुठल्याही अक्षांशावर चालते.

उन्हाबद्दलही एक सांगायला हवं. घर दाखवणारे आकाश निळं असताना दाखवतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. 1960 च्या कॅरोल वादळाने बेटावरची घरं इतकी मोडली की त्यानंतर बांधकाम पत्रा-लाकडाकडून काँक्रीटकडे वळलं. 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात, आणि तिसरा लागला की शेजारी काय करतात, कोण कुणाकडे जातं, हे माहितीपत्रकात नसतं.

मी एवढा हट्ट का धरला, याचं कारण कोकणात आहे. आमच्या किनाऱ्यावर समुद्र दिसणारे सडे गेल्या काही वर्षांत बाहेरच्यांनी घेतले. त्यांतल्या काहींची मोजणी मीच केली. कागद चोख होते. मग चिऱ्याचा गडगा उभा राहिला, लोखंडी फाटक लागलं, आणि कालवं काढायला खाली जाणाऱ्या बायकांची वाट बंद झाली. एके ठिकाणी राखणदाराचा दगड पाया खणताना भरावात गेला. घेणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी एक पावसाळा तिथे काढला असता, तर वाट कुणाची आणि दगड कसला हे त्यांना कळलं असतं. जे आमच्या गावाला सोसावं लागलं ते माझ्या मुलीच्या हातून दुसऱ्या कुणाच्या गावात होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

मुलीने ऐकलं. सध्या ती कॅस्कावेलजवळ भाड्याने राहते. एक वादळाचा मोसम, एक महाशिवरात्र आणि एक गणपती तिथे काढल्याशिवाय सही करायची नाही, असं दोघांनी ठरवलं आहे. ती क्रिओल शिकते आहे. शेजारच्या घरी मयत झाली तेव्हा ती स्मशानापर्यंत गेली होती.

किनाऱ्यावर घर घ्यायला निघालेल्या सगळ्यांना, मग तो मॉरिशसचा असो, गोव्याचा असो की आमच्या वेंगुर्ल्याचा, माझी कळकळीची विनंती आहे. इसार देण्याआधी एक पूर्ण वर्ष तिथे भाड्याने राहा. तुमच्या जागेवर आधी कोण राबलं ते विचारा. झाडाखाली रंगवलेले दगड दिसले तर ते कुणाचे हे माहीत करून घ्या. आणि गडगा घालायचाच असेल, तर समुद्राकडे जाणाऱ्या माणसांपुरती वाट त्यात ठेवा.