कफर्णहूमचं माळवद

सातारा, सांगली, मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेली माणसं परत येतात ती यार्देनच्या पाण्याची बाटली, जैतुनाच्या लाकडाचा क्रूस आणि मोबाइलभर फोटो घेऊन. घरी त्यांना सगळे एकच विचारतात, "ते सगळं खरंच तिथंच घडलं का?" प्रश्न साहजिक आहे. पण सगळी यात्रा त्या एकाच प्रश्नापायी खर्ची पडते, याचं मला फार वाईट वाटतं. उत्खननात निघालेले दगड श्रद्धेला दाखला द्यायला बांधलेले नाहीत. त्या काळची माणसं कशी राहत होती, काय दळत होती, कुठे निजत होती, हे मात्र ते भरभरून सांगतात. आणि ते समजून घ्यायला माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा माणूस कितीतरी जास्त तयारीचा असतो.

गालील सरोवराकाठचं कफर्णहूमच घ्या. बस थांबली की लोक पांढऱ्या चुनखडीच्या सभास्थानाकडे जातात आणि खांबांपाशी उभे राहून फोटो काढतात. ते सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकातलं, म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी उभं राहिलेलं. वाकून त्याचा पाया पाहिला तर मात्र काळा दगड लागतो. बेसॉल्ट! वाईच्या घाटांचा, आपल्या गडकोटांचा असतो तसाच ज्वालामुखीचा पाषाण. जुन्या गावातली घरं याच दगडाची, ओबडधोबड, चुन्याशिवाय रचलेली. जातीसुद्धा त्याचीच.

व्हर्जिलिओ कॉर्बो आणि स्तानिस्लाओ लॉफ्रेडा या फ्रान्सिस्कन संशोधकांनी १९६८ पासून इथे मोठं उत्खनन केलं. भिंती इतक्या साध्या, की त्यांवर जड छप्पर पेलणं शक्य नव्हतं. वर लाकडं, फांद्या आणि गवत मिसळलेली माती असणार, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे माळवदच की! आता शुभवर्तमानातली, याच कफर्णहूममधली पक्षघाती माणसाची गोष्ट आठवा. गर्दीमुळे दारातून आत जाता येईना, म्हणून चौघांनी वर चढून छप्पर उघडलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. मार्क छप्पर खणल्याचं सांगतो, लूक कौलांचा उल्लेख करतो. कफर्णहूमच्या भिंती पाहिल्या की मार्कचं वर्णन जास्त जवळचं वाटतं. ज्याच्या आज्याने दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकली, त्याला ते खणणं म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती ढेकळं पडली असतील, आणि ते घर नंतर कुणी दुरुस्त केलं असेल, हेही त्याच्याच मनात आधी येईल.

ही ओळख मला पुराव्याहून मोठी वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यांची धडपड हीच होती, की ख्रिस्त मराठी माणसाला परका वाटू नये. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

पण ओळखीचं ते खरं, असं मानायचा मोहही इथेच होतो. आपल्याकडच्या मंडळ्या बहुतांशी अमेरिकन मिशनच्या वळणाच्या. यरुशलेमात पवित्र कबरेच्या मंदिरात गेलं की धूप, दिवे, मूर्ती-चित्रं, वेगवेगळ्या पंथांच्या हद्दी आणि रेटारेटी यांनी आपला यात्रेकरू बावरतो. तिथून तो 'बागेतल्या कबरे'पाशी येतो. झाडं, शांतता, बाकांवर बसून गीत गाता येतं. डोळे भरून येतात, आणि तो ठरवून टाकतो, हीच ती जागा. ही कबर १८६७ मध्ये सापडली. जनरल गॉर्डन यांच्यामुळे १८८३ नंतर तिचा बोलबाला झाला. पुढे पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांनी तिची घडण तपासली आणि ती येशूच्या कित्येक शतकं आधीची ठरवली. शुभवर्तमानांत तर कबर नवी होती असं आहे. उलट त्या गजबजलेल्या मंदिरात पहिल्या शतकातल्या पद्धतीच्या खडकात कोरलेल्या कबरी आजही दिसतात, आणि २०१६ मध्ये कबरेवरची फरशी उघडली तेव्हा तिथला गिलावा चौथ्या शतकातला, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळाशी जुळणारा निघाला. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, पण पारडं तिकडेच झुकतं. बागेत जरूर प्रार्थना करावी. आपल्या मनाला लाभलेल्या शांततेला मात्र पुराव्याच्या जागी बसवू नये.

यरीहोचंही तसंच. यहोशवाच्या कोसळलेल्या तटाकडे बोट दाखवणारे वाटाडे भेटतात. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे खणून तो पडका तट कितीतरी जुना असल्याचं दाखवलं, हे ते क्वचितच सांगतात. आपल्या पाळकांनी ते आधीच सांगावं. ऐकून कुणाची श्रद्धा ढळणार नाही. लपवलेलं नंतर कळलं तर मात्र ढळेल.

म्हणून यात्रा आखणाऱ्या मंडळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवसाला सात-आठ ठिकाणं उरकू नका. दुकानांचा एक थांबा कमी करा आणि कफर्णहूमला पुरेसा वेळ ठेवा. तिथल्या काळ्या भिंतींपाशी मार्कचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा, आणि तुमच्यात माळवदाच्या घरात वाढलेल्या कुणी आजी असतील, तर ते छप्पर कसं घालतात हे त्यांना सगळ्यांसमोर सांगू द्या.