तीच ती गाडी

माणसाला जुन्या वस्तूंचं प्रेम असतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. जुन्या वस्तू नव्यासारख्या दिसाव्यात, याचं त्याला प्रेम असतं. पडका वाडा पडका आहे तोवर तिकडे कुत्रंही फिरकत नाही; त्याला पॉलिश झालं की लोक तिकीट काढून बघायला येतात. पॉलिशखाली मूळचं लाकूड किती आणि परवाचं किती, हे मात्र विचारायचं नसतं. हा अवघड प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला तो वाड्याच्या नव्हे, एका मोटारीच्या निमित्ताने. आणि तोही थेट विलायतेत.

माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याने १९६५ सालची एक एम.जी.बी. मोटार विकत घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची. बारा महिने आभाळ गळत असलेल्या देशात बिनछपराच्या मोटारी काढणाऱ्या लोकांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला या गाड्या तयार होत होत्या, आणि सगळी भावंडं धरून पाच लाखांवर निघाल्या. आपलंही त्यांच्याशी दूरचं नातं लागतं. २०१४ साली बंद पडलेल्या आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सी.सी.चं इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. एम.जी.बी.चं १७९८ सी.सी.चं. म्हणजे चुलतभाऊच, एकाने संसाराचा गाडा ओढला आणि दुसरा तालमीत गेला, एवढाच फरक.

मी गेलो तेव्हा गाडी गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. लांबून चांगली लालबुंद, तरतरीत दिसत होती. दाराखाली रंगाला मोहरीएवढा एक फोड आला होता.

"मामा, इथं स्क्रूड्रायव्हरने दाबून बघ," भाचा म्हणाला.

मी दाबलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"गंज!" भाचा डॉक्टरच्या आवाजात म्हणाला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ उंबरठ्यात जाऊन बसतं आणि आतल्या आत पत्रा खातं. घराचा उंबरठा किडला तर फार तर ठेच लागेल. पण या गाडीला छप्पर नसल्यामुळे सगळा जोर त्या उंबरठ्यांवर. दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड केल्याशिवाय उंबरठा कापला, तर गाडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा जन्मात लागत नाही.

यावर उपाय तीन. पहिला सोपा: भोकात लांबी भरायची, घासायची, वर रंग मारायचा आणि गिऱ्हाईक शोधायचं. दुसरा कष्टाचा: गंजका पत्रा इंच इंच कापून नवा जोडायचा. भाच्याला नोकरीतून उरणारा शनिवार-रविवार धरला, तर दोन वर्षांचं काम. तिसरा उपाय ऐकून मी चकितच झालो. कंपनीचे जुने साचे मिळवून, १९८८ पासून एम.जी.बी.चा आख्खा सांगाडा तिकडे नवा कोरा तयार करू लागले. तो आणायचा, जुन्या गाडीतलं सगळं सामान त्यात हलवायचं, की काही महिन्यांत गाडी रस्त्यावर!

"मग आण की!" मी म्हटलं.

"पण मग ती तीच गाडी राहील का?"

एरवी मी त्याला वेड्यात काढला असता. पण ही गाडी त्याने एका विधवा आजीबाईंकडून घेतली होती. त्यांच्या यजमानांनी ती जन्मभर चालवली. ऐंशीच्या पुढच्या बाईंनी ती विकताना एकच अट घातली होती: चालू झाली की मला तीतून एकदा समुद्रावर ने. आता पत्रा जोडत बसावं तर दोन वर्षं. तेवढी वर्षं बाईंच्या हाती आहेत की नाहीत, कोण सांगणार? आणि नवा सांगाडा आणावा, तर बाईंना त्यांच्या नवऱ्याच्या गाडीतून नेतोय म्हणायचं, की तिच्या जुळ्या बहिणीतून?

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांचा जुना आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने विचारलं होतं, की यात रथ कुठला? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? राजा प्रत्येकाला नाही नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे असं ठरलं. नागसेन म्हणाला, माझंही तसंच. माझे दोन कृत्रिम दात आणि मोतीबिंदूनंतर बसवलेलं भिंग बघता, मीही त्याच पंथाचा.

विलायतेत अशा गोष्टी भिक्खूकडे न नेता कोर्टात नेतात. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली १९९० साली सुमारे एक कोटी पौंडांना विकायची ठरली. मग घेणाऱ्याला शंका आली, की शर्यत जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय? आणि खरोखरच फार थोडं उरलं होतं. तरी न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हीच ती. गाडी बदलत गेली, पण मध्येच नाहीशी होऊन कुठे नव्याने जन्मली नाही. इतिहासाचा धागा अखंड आहे.

तिथल्या वाहननोंदणी खात्याने तर बरीच वर्षं चक्क गुणपत्रिका वापरली. गाडीत फार फेरफार झाले, तर जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. सांगाड्याला पाच; सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टीअरिंग यांना प्रत्येकी दोन; आणि इंजिनाला एक! हृदयाला एक गुण आणि हाडांना पाच, हे वाचून कुठल्याही कवीने पेन खाली ठेवलं असतं.

आमच्या पुण्यातल्या मेकॅनिकला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, चालू झाली ना? मग तीच."

भाच्याने शेवटी एक असं केलं, जे नागसेनाला, कोर्टाला आणि मला सुचलं नव्हतं. त्याने बाईंनाच जाऊन विचारलं. गंज दाखवला, तिन्ही उपाय सांगितले, नव्या सांगाड्याचंही सांगितलं. बाई चहा ढवळत म्हणाल्या, "अरे, तो काय त्या उंबरठ्यावर बसून गाडी चालवत होता? नवा आण. स्टीअरिंगचं चाक तेवढं तेच ठेव. आणि त्याच्या भेगा बुजवू नकोस."

म्हणजे वाद मिटला असं नाही. ज्या चाकाला बाईंनी शंभर गुण दिले, त्याला सरकारी तक्त्यात वेगळा एकही गुण नाही. पण मला वाटतं, प्रश्नच बदलला होता. नवा पत्रा लावणं हा खोटेपणा नव्हे. खोटेपणा म्हणजे लांबी: ती भोक बुजवत नाही, भोक पाहणाऱ्याचे डोळे बुजवते. वस्तू तीच की दुसरी हे वस्तू कधीच सांगत नाही. ते सांगणारा माणूस असतो, आणि तो काय लपवतो यावर सगळं आहे.

भाच्याने एक वही केली. डाव्या पानावर मूळचं काय राहिलं, उजव्या पानावर नवं काय घातलं, तारखांसकट. गाडी पुढे कोणी घेतली, तर वहीही गाडीबरोबर जायची. चाकाच्या भेगा डाव्या पानावर आहेत. बाई समुद्रावर जाऊन आल्या, त्याचीही तारीख आहे. ती कुठल्या पानावर लिहायची हे न कळून त्याने दोन्हींवर लिहिली.

ती वही पाहिल्यापासून मी आमच्या सोसायटीत एक सूचना मांडतो आहे, की लग्न जमवताना पत्रिकेऐवजी दोन्हीकडून अशी एकेक वही मागवावी. अजून तरी अनुमोदन मिळालेलं नाही. लांबीचे डबे सगळ्यांच्याच घरी असावेत.